फुटेज कोणाच्या ताब्यात? : प्रस्तावना

कोठडीत मारहाण झाली अशी तक्रार घेऊन माणूस न्यायालयात उभा राहतो, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे सहसा कोणी नसते. जागा पोलिसांची, हजर असलेली माणसे पोलिसांची, स्टेशन डायरी पोलिसांनी लिहिलेली, वैद्यकीय तपासणीला घेऊन जाणाराही पोलीसच. डॉक्टरांनी अंगावरच्या खुणा नीट लिहिल्या तर ठीक. नाहीतर ‘पळताना पडला’ हे एक वाक्य कागदावर येते आणि वर्षानुवर्षे तेच टिकून राहते. अशा जागी आणखी कोणाची तरी नजर असावी म्हणून न्यायालयांनी ठाण्यांत कॅमेरे बसवायला लावले. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही हा आधार हवाच होता. खोट्या आरोपाखाली निलंबित झालेला अंमलदार आपली बाजू दुसऱ्या कशाच्या जोरावर मांडणार?

त्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणाचे पुढे काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे. ते कुठे साठते, किती दिवस राहते, ते अस्सल आहे हे कसे ठरवायचे, आणि ते पाहण्याचा, मागण्याचा, जाहीर करण्याचा हक्क कोणाला आहे? आपल्याकडे या प्रश्नांचे दोन वेगळे कप्पे पडले आहेत. अस्सलपणा न्यायवैद्यक तज्ज्ञांकडे गेला, आणि लोकांना ते बघायला मिळावे की नाही हा वाद माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांकडे. माझ्या मते हे दोन्ही मिळून एकच काम आहे. जे चित्रण बाहेरच्या कोणालाही तपासता येत नाही, ते अस्सल आहे या दाव्याला ज्याने तो केला त्याच्या शब्दापलीकडे काही किंमत नसते. आणि जे चित्रण न तपासता लोकांपुढे येते, ते न्यायापेक्षा गदारोळालाच जास्त उपयोगी पडते. पुस्तकातली प्रत्येक सूचना या एका विचारातून आलेली आहे.

आधी थोडा इतिहास. चोरीच्या संशयावरून वडाळा रेल्वे पोलिसांनी पकडलेल्या एका तरुणाचा एप्रिल २०१४ मध्ये मृत्यू झाला. पळून जाताना तो गाडीखाली सापडला असे पोलीस म्हणत होते. त्याचा छळ झाला असे घरच्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि त्याच वर्षी राज्यातल्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश काढला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात तुरुंगांमध्ये कॅमेरे बसवायला सांगितले. ठाण्यांबाबत मात्र राज्यांनी विचार करावा, एवढ्यावरच ते थांबले. अटकेच्या वेळी पाळायचे नियम १९९६ मध्ये ज्या खटल्यातून आले, तोच हा खटला.

खरा सविस्तर आदेश आला २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, के. एम. जोसेफ आणि अनिरुद्ध बोस यांच्या खंडपीठाने ठाण्यातली जागा न् जागा मोजून सांगितली. प्रवेशद्वार, बाहेर जाण्याची वाट, कोठड्या, कोठडीबाहेरची जागा, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, उपनिरीक्षकाची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, ठाण्याचा मागचा भाग, स्वच्छतागृहाच्या आत नव्हे तर बाहेर. ठाण्याचा एकही कोपरा सुटू नये असे त्यात म्हटले आहे. चित्राबरोबर आवाजही टिपला जावा, अंधारात दिसावे, वीज नसेल तिथे सौर किंवा पवन ऊर्जा वापरावी. साठवण १८ महिन्यांची. तशी यंत्रणा मिळतच नसेल तर निदान एक वर्षाची. सीबीआय, एनआयए, ईडी, अमली पदार्थ नियंत्रण विभाग यांची चौकशी कार्यालयेही यातून सुटली नाहीत. देखरेखीसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या गेल्या, आणि कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली गेली.

या निकालातल्या एका सूचनेकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिले नाही. ठाण्याच्या दारात इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत ठळक फलक हवा. इथे कॅमेरे आहेत. हक्कांचा भंग झाला तर मानवी हक्क आयोगाकडे, मानवी हक्क न्यायालयाकडे, पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करता येते. चित्रण किमान सहा महिने जपले जाते. आणि हक्कभंग झालेल्या व्यक्तीला ते सुरक्षित ठेवायला लावण्याचा हक्क आहे, हे सगळे त्या फलकावर लिहिलेले असले पाहिजे. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात हा फलक लागला आहे का, तो मराठीत आहे का, हे वाचकांनी जाऊन पाहावे. ज्याला आपला हक्क ठाऊकच नाही तो चित्रण मागायला येत नाही, आणि तो येईपर्यंत डिस्क थांबत नाही.

थांबत नाही ते का, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक चित्रणे कोणी मुद्दाम पुसल्यामुळे जात नाहीत. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की तो सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहू लागतो. हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला दोन मेगाबिट धरला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. ठाण्यात १६ कॅमेरे असतील तर दिवसाला सुमारे ३४५ जीबी. बाजारात सहज मिळणारी चार टीबीची डिस्क बसवली तर बाराव्या दिवशीच पहिल्या दिवसाचे चित्रण पुसले जाऊ लागते. त्याच हिशेबाने १८ महिन्यांसाठी १८९ टीबी लागतात. हालचाल असेल तेव्हाच टिपणे, चित्र अधिक दाबून साठवणे अशा युक्त्यांनी हा आकडा खाली आणता येतो, पण चार टीबीपर्यंत नाही. म्हणजे आदेश १८ महिन्यांचा आणि खरेदी १२ दिवसांची, असे होऊ शकते. आणि त्यात कोणाच्याही वाईट हेतूची गरज पडत नाही. निविदेतला एक आकडा पुरतो. म्हणून जिल्हा समितीला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कॅमेरे किती’ हा नव्हे. ‘डिस्क किती टीबीची आणि आज तिच्यावरचे सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे’, हा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची पुन्हा स्वतःहून दखल घेतली. राजस्थानात त्या वर्षी आठ महिन्यांत ११ कोठडीमृत्यू झाल्याचे वृत्त एका दैनिकाने दिले होते, ते त्याला निमित्त झाले. सुनावणीत एक कल्पना पुढे आली: कॅमेरा बंद पडला की मानवी हस्तक्षेपाशिवाय आपोआप कळेल असा नियंत्रण कक्ष असावा. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. कारण आजच्या व्यवस्थेत कॅमेरा बिघडल्याचे कळवण्याची जबाबदारी त्याच ठाण्याची, आणि बिघाडाचा फायदा झालाच तर तोही त्याच ठाण्यातल्या कोणाला तरी.

आता अस्सलपणाकडे येतो. हा प्रश्न डिजिटल युगाने आणला असे समजू नये. १९६७ च्या युसुफअली नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबई महानगरपालिकेतल्या कारकुनाला लाच देऊ करतानाचे बोलणे पोलिसांनी लपवलेल्या टेपरेकॉर्डरवर टिपले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून मान्य केली. ती सीलबंद करून ठेवलेली नव्हती, पोलीस अधिकाऱ्याच्याच ताब्यात होती, ही गोष्ट मात्र निकालात नोंदवली गेली. टेप पुसता येते, बदलता येते, तेव्हा ती सावधपणे स्वीकारावी असेही न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात फेरफाराचा आरोपच कोणी केला नव्हता, म्हणून ती टिकली. सील का नव्हते, हा प्रश्न तिथेच राहून गेला.

सिन्नर मतदारसंघाच्या निवडणुकीवरून तुकाराम दिघोळे आणि माणिकराव कोकाटे यांच्यात झालेला खटला २०१० मध्ये निकाली निघाला. तिथे व्हीएचएस कॅसेट होती. ती मूळ चित्रणाची खरी नक्कल आहे हे सिद्ध झाले नाही, म्हणून ती बाजूला पडली. अशा पुराव्यात फेरफार सोपा, म्हणून तो सिद्ध करण्याची कसोटीही कडक हवी, असे न्यायालयाने सांगितले. चार वर्षांनी, २०१४ च्या अन्वर विरुद्ध बशीर या निकालाने भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. ज्या यंत्रातून ही नक्कल काढली ते यंत्र नीट चालत होते आणि नक्कल त्यातलीच आहे, असे त्या यंत्राचा ताबा असणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचे.

पण ताबा असणाऱ्याने लिहूनच दिले नाही तर? हा प्रश्न जालन्याच्या खटल्याने तडीस नेला. म्हणून पोलिसांचा काहीही संबंध नसताना त्या खटल्यावर या पुस्तकात अख्खे प्रकरण आहे. विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत अर्ज भरायचे होते. अर्जुन खोतकरांचा अर्ज तीननंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते आणि त्यांचे चित्रण त्याच कार्यालयाच्या ताब्यात होते. उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून सीडी मिळाल्या. पुन्हा पुन्हा मागूनही प्रमाणपत्र मात्र मिळाले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये खोतकरांची निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि नियमही स्पष्ट केला. नक्कल असेल तर प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ताबा असणारा प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्यावे. शक्य ते सगळे करूनही मिळाले नाही, तर मागणाऱ्याचा त्यात दोष नाही. हा निकाल लागला तेव्हा ती विधानसभा मुदत संपून इतिहासजमा झाली होती.

पोलीस ठाण्याचे चित्रण मागणाऱ्याची अडचण नेमकी हीच आहे. यंत्र ठाण्याचे, प्रमाणपत्र देणारा ठाण्याचा, आणि चित्रण कदाचित ठाण्याच्याच विरुद्ध बोलणारे. जालन्याच्या निकालाने निदान दार ठोठावण्याची जागा दाखवून दिली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत: एक पुरावा सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलवर ठरावीक गणिती क्रिया करून निघणारी अक्षर-अंकांची मालिका. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी मालिका पूर्ण बदलते, आणि मालिकेवरून फाइलमध्ये काय आहे हे मात्र कोणालाही सांगता येत नाही. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, त्याच्या मनातले वाचता येत नाही, तसे हे आहे. नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतींनाही जागा ठेवली आहे. या दोन्ही पद्धतींत एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम तयार करून दाखवल्या गेल्या आहेत, एमडी-५ मध्ये २००४ साली आणि एसएचए-१ मध्ये २०१७ साली. तेव्हा वकिलांनी एसएचए-२५६ चाच आग्रह धरावा.

हॅश किती बोलका असतो हे केरळमधल्या एका गाजलेल्या खटल्याने दाखवले. लैंगिक अत्याचाराचे चित्रण असलेले मेमरी कार्ड न्यायालयाच्या ताब्यात होते. ते प्रयोगशाळेत गेले तेव्हा हॅश बदलल्याचे उघड झाले. पुढच्या चौकशीत ते २०१८ आणि २०२१ मध्ये बेकायदा उघडले गेल्याचे पुढे आले. एका स्त्रीच्या आयुष्यातला सर्वांत क्रूर प्रसंग, जो कडक बंदोबस्तात असायला हवा होता, तो कोणीतरी उघडून पाहिला होता. पहिल्या दिवशीचा हॅश नोंदलेला नसता तर हे कळलेही नसते. याच खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा तोल साधला होता: मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे, आरोपीला त्याची प्रत मागता येते, पण पीडितेच्या खासगीपणाला धक्का लागत असेल तर प्रत न देता आरोपी, त्याचा वकील किंवा तज्ज्ञ यांना तो फक्त पाहू द्यावा.

तरी हॅशची एक मर्यादा वाचकाने पक्की लक्षात ठेवावी. विसाव्या दिवशी काढलेला हॅश विसाव्या दिवशीच्या फाइलची हमी देतो. आधीच्या १९ दिवसांत तिच्यात काही झाले का, याबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणून हॅश कधी काढला आणि तो बाहेर कोणाकडे गेला, यावर सगळे अवलंबून आहे. माझी या पुस्तकातली मुख्य मागणी त्यातूनच निघते. कोठडीत मृत्यू झाला, गंभीर इजा झाली, गोळीबार झाला की त्या काळातल्या सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण २४ तासांच्या आत उतरवून घ्यावे, त्याचा हॅश काढावा, आणि तो हॅश दंडाधिकारी, जिल्हा समिती आणि तक्रारदार यांना देऊन त्याच दिवशी संकेतस्थळावर जाहीर करावा. चित्रण लगेच दाखवता येत नसेल तर नका दाखवू. तपास सुरू आहे, साक्षीदार फुटतील, पीडितेची ओळख उघड होईल, ही कारणे अनेकदा खरी असतात. पण हॅश जाहीर करण्याला यातले एकही कारण लागू पडत नाही. त्यातून कोणाचे नाव कळत नाही, चेहरा कळत नाही, तपासाची दिशा कळत नाही. दोन वर्षांनी चित्रण बाहेर आले तर ते पहिल्या दिवशीचेच आहे का, एवढे मात्र कोणीही घरबसल्या ताडून पाहू शकतो. याला जवळजवळ काही खर्च येत नाही. हे आजवर का झाले नाही याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

हॅशपलीकडची तपासणी मेहनतीची आहे. मधल्या प्रकरणांत ती पायरीपायरीने दिली आहे, म्हणून इथे थोडक्यात. डीव्हीआरचे घड्याळ बहुधा चुकलेले असते. जप्तीच्या वेळी यंत्रावरची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहिला नाही तर पुढे सगळा घटनाक्रम डळमळतो. फाइल कंपनीच्या खास स्वरूपात असते, तिचा प्लेअरही सोबत घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत पुन्हा दाबली गेलेली असते, तिच्यातली मूळ माहिती गळून गेलेली असते, आणि तिचा हॅश मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही. पडद्यावर चालू असलेले फुटेज मोबाइलने टिपणे ही तर आपल्याकडची रूढच झाली आहे. त्यातून बातमी होते, पुरावा क्वचित होतो.

तुकडे हा आणखी मोठा धोका आहे. जामिया मिलिया विद्यापीठाच्या वाचनालयात १५ डिसेंबर २०१९ रोजी पोलीस घुसले, त्याचे चित्रण फेब्रुवारी २०२० मध्ये बाहेर आले. पहिल्या तुकड्यात पोलीस बसलेल्या विद्यार्थ्यांवर लाठ्या चालवताना दिसत होते. काही तासांतच तोंड झाकलेली मुले आत शिरतानाचे दुसरे तुकडे फिरू लागले. देशभर लोकांनी आपापल्या मताप्रमाणे तुकडा निवडला. अखंड चित्रण, सर्व कॅमेऱ्यांचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हे एकत्र समोर ठेवल्याशिवाय अशा वादात कोणाचेही समाधान होणार नव्हते. लाठी चालवण्याचे समर्थन दुसऱ्या तुकड्याने होते असे मला वाटत नाही. पण हे मत मांडायलाही पूर्ण चित्रण हाताशी असावे लागते.

चित्रण लोकांसमोर आल्याने काय होते, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण शिकागोचे आहे. २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री लक्वान मॅकडॉनल्ड या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर जेसन व्हॅन डाइक या पोलिसाने १६ गोळ्या झाडल्या. मुलाच्या हातात चाकू होता आणि तो अंगावर येत होता, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. गाडीवरच्या कॅमेऱ्यात मात्र तो दूर चालत जाताना दिसत होता. शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर भरपाई मंजूर केली ती एप्रिल २०१५ मध्ये, आणि तोवर जनतेने ते चित्रण पाहिलेले नव्हते. ब्रँडन स्मिथ या मुक्त पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली दावा लावला, न्यायाधीशाने चित्रण देण्याचा आदेश दिला, आणि २४ नोव्हेंबर २०१५ रोजी ते जाहीर झाले. मधे तेरा महिने गेले होते. त्याच दिवशी व्हॅन डाइकवर खुनाचा आरोप ठेवला गेला. घटनास्थळी कॅमेरे असलेल्या पाच गाड्या होत्या. एकाही चित्रणात उपयोगी आवाज नव्हता.

व्हॅन डाइकला २०१८ मध्ये दोषी ठरवण्यात आले. पण खोटे अहवाल लिहिल्याचा आरोप असलेले तीन पोलीस २०१९ च्या जानेवारीत निर्दोष सुटले. चित्रण दिसले म्हणजे सर्व काही सिद्ध झाले, असे समजणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. शिकागोने २०१६ मध्ये धोरण बदलले: अशा घटनांचे चित्रण साधारणपणे ६० दिवसांत जाहीर करायचे, आणि मुदत वाढवायची तर कारण देऊन ३० दिवसांनी. आपल्याकडे हवे आहे ते हे. अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडलेली, आधीच लिहून ठेवलेली मुदत.

आपल्याकडे अशी मुदत नसल्यामुळे काय होते ते केरळमध्येच दिसले. त्रिशूर जिल्ह्यातल्या कुन्नमकुलम ठाण्यात एप्रिल २०२३ मध्ये युवक काँग्रेसच्या एका स्थानिक कार्यकर्त्याला मारहाण झाली. माहिती अधिकाराखाली त्याने ठाण्याचे चित्रण मागितले. ते नाकारले गेले. राज्य माहिती आयोगापर्यंत लढून ते हाती आले आणि जगाने पाहिले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. त्यानंतर पोलीस निलंबित झाले. मारहाण झाली तेव्हा चित्रण होतेच. अडीच वर्षे गेली ती फक्त ते एका कपाटातून दुसऱ्या हातात यायला. आणि हा कार्यकर्ता संघटनेचे पाठबळ असलेला होता. पारधी वस्तीतून उचललेल्या तरुणाने किंवा नाक्यावरच्या बिगारी मजुराने हीच लढाई कोणाच्या भरवशावर लढायची?

माहितीचा अधिकार अधिनियमात वाट आहे. कलम ८(१)(ह) खाली तपासाला बाधा येईल म्हणून नकार देता येतो, पण तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही, बाधा कशी येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्येच स्पष्ट केले आहे. कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग वगळून उरलेला देता येतो. चेहरे धूसर करून चित्रण देणे म्हणजे तेच. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यायचे असते. एरवी ३० दिवस. आणि इथेच मघाचा डिस्कचा हिशेब आठवावा: उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि डिस्क १२ दिवसांची, तर ‘चित्रण उपलब्ध नाही’ हे उत्तर शब्दशः खरे असू शकते. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज हे पहिले पाऊल कधीच असू नये.

आता एका गोष्टीबद्दल ठामपणे लिहायला हवे. सार्वजनिक उपलब्धता म्हणजे ठाण्यातले सगळे चित्रण सगळ्यांना खुले, असा अर्थ या पुस्तकात कुठेही नाही. ठाण्यात नवऱ्याची तक्रार घेऊन आलेली बाई असते, हरवलेले मूल असते, संशयावरून आणलेला आणि तासाभरात सोडून दिलेला माणूस असतो. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आणि पॉक्सोचे कलम २३ आहे. आरोपीलाही अब्रू असते. हात बांधून रस्त्यावरून फिरवलेल्या संशयितांचे व्हिडिओ जेव्हा पोलिसांकडूनच पसरतात, तेव्हा तपासात बाधा येईल हा आक्षेप कोणी घेत नाही. सोयीचे चित्रण संध्याकाळच्या बातम्यांत आणि गैरसोयीचे कलम ८ खाली, ही सध्याची रीत मोडायची असेल तर कोणते चित्रण, कोणाला, किती दिवसांत आणि काय झाकून, हे नियमाने ठरले पाहिजे. त्या नियमांचा एक मसुदा पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहे. वाचकांनी त्यावर कठोर टीका करावी अशी विनंती आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केल्यापासून हा विषय कोठडीपुरता राहिलेला नाही. कलम १०५ प्रमाणे ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे, आणि कायदा त्यासाठी मोबाइलच सुचवतो. म्हणजे यापुढे कोणत्याही साध्या घरफोडीच्या खटल्यातही शिपायाच्या फोनमधली एखादी फाइल असणार आहे. कलम २३० खाली आरोपीला, तसेच वकील असलेल्या पीडितालाही, कागदपत्रे १४ दिवसांत मिळायची आहेत. त्या संचात चित्रण आले का, हॅश जुळतो का, चित्रण कुठे तुटले आहे, जप्तीचा पंच चित्रात खरोखर दिसतो का, हे तपासणे यापुढे तालुका न्यायालयातल्या नव्या वकिलाच्याही रोजच्या कामाचा भाग होईल. हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मुख्यतः तोच वकील होता. आणि त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारा वार्ताहर, आणि घरातले माणूस रात्री उचलून नेल्यावर ठाण्याबाहेर बसलेले कुटुंब.

त्या कुटुंबाला शंभर पाने वाचायला वेळ नसतो. म्हणून चित्रण जपून ठेवण्याच्या अर्जाचा नमुना अनुक्रमणिकेच्याही आधी छापला आहे. त्यात ठाण्याचे नाव, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि निकालात सांगितलेल्या सर्व जागांचे कॅमेरे, एवढे भरायचे आहे. परमवीर सिंग सैनी निकालाचा उल्लेख त्यात आधीच छापलेला आहे. अर्जाच्या चार प्रती कराव्यात: एक ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, एक पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना, एक राज्य मानवी हक्क आयोगाला, आणि चौथीवर ठाण्याचा शिक्का व पोच घेऊन ती स्वतःकडे ठेवावी. ठाण्याने पोच दिली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करतील तेव्हा वकिलाने पहिली विनंती चित्रण उतरवून हॅशसह न्यायालयात जमा करण्याची करावी. जामिनाचा युक्तिवाद त्यानंतर करता येतो.